बी.कॉम.च्या मध्यावर विद्यापीठ बदलावे का?

वाचकांचे प्रश्न : शिक्षण आणि अर्थक्षेत्र

प्रश्न १ : स. न. वि. वि. मी शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कोल्हापुरातील एका महाविद्यालयात बी.कॉम. भाग २ मध्ये शिकत असून माझे चौथे सत्र सुरू आहे. मला दहावीला ९३ टक्के, बारावीला ८८ टक्के गुण होते आणि आतापर्यंतच्या तीन सत्रांची सरासरी ८.७ आहे. बारावीला मी गणिताऐवजी एस.पी. (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस) घेतली होती. वडिलांची शाहू मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. मला इन्व्हेस्टमेंट बँकेत किंवा म्युच्युअल फंडाच्या संशोधन विभागात काम करायचे आहे. मुंबईत नोकरी करणारी माझी मावसबहीण सांगते की, कोल्हापूरच्या पदवीवर अशा ठिकाणी मुलाखतीला बोलावतच नाहीत, म्हणून मी तिसऱ्या वर्षासाठी मुंबईच्या किंवा दिल्लीच्या नामांकित विद्यापीठात बदली घ्यावी. वडील खर्चाला तयार आहेत. खोली, जेवण आणि प्रवास मिळून महिना २२,००० रुपये धरून त्यांनी वर्षाचा हिशेबही मांडला आहे. आईचा मात्र विरोध आहे. मी काय करावे?
एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या मावसबहिणीचे म्हणणे निम्मे खरे आहे, आणि घोळ त्यामुळेच होतो. महाविद्यालयाच्या नावाचा उपयोग होतो, हे मी नाकारणार नाही. पण तो नेमका कुठे आणि केव्हा होतो हे न पाहता तुम्ही आत्ता कोल्हापूर सोडलेत, तर खर्च सगळा होईल आणि ज्यासाठी गेलात ते हाती लागणार नाही. पदवी इथेच पूर्ण करावी आणि नाव बदलायचे ते पदव्युत्तर शिक्षणाला बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी अकरा वर्षे मुंबईत एका वित्तसंस्थेच्या कर्ज विभागात होतो आणि त्यांतली शेवटची काही वर्षे नवीन मुले निवडणाऱ्या समितीवर बसत असे. कोणकोणत्या महाविद्यालयांत जायचे, याची यादी ज्या बैठकीत ठरे तिथे टेबलावर एकाही विद्यार्थ्याचा अर्ज नसे. गेल्या वर्षी कुठून घेतलेली मुले टिकली, कुठल्या प्लेसमेंट विभागात फोन लगेच उचलला जातो, कुठे एका दिवसात तीस मुलाखती उरकता येतात आणि आमच्या वरिष्ठांपैकी कोण कुठे शिकले, एवढ्यावर आठ-दहा नावे पक्की होत. महाविद्यालयाच्या नावाला जी काही किंमत आहे, ती या यादीत आहे. यादीतल्या महाविद्यालयाचा विद्यार्थी ठरल्या दिवशी आमच्या समोर येऊन बसे. यादीबाहेरच्याला अर्ज पाठवावा लागे, आणि त्या ढिगातून त्याचा कागद वर येईलच याची खात्री आम्हालाही नसे. मुलाखत सुरू झाल्यावर मात्र नावाचे काम संपे, कारण तिथून पुढे ताळेबंद वाचता येतो की नाही हेच विचारले जाई.

इथे एक गफलत होते, ती तुमच्या पत्रातही आहे. तुम्ही 'विद्यापीठ' बदलण्याचे म्हणता, पण पदवीच्या पातळीवर यादीत नाव असते ते महाविद्यालयाचे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे आणि आपले १९६२ सालचे, म्हणून प्रमाणपत्रावरचे विद्यापीठ बदलले की पत वाढते, असे होत नाही. मुंबईत सर्वाधिक मागणी असलेली वाणिज्य महाविद्यालये तर आता बहुतेक स्वायत्त आहेत किंवा वेगळ्या समूह विद्यापीठांत गेली आहेत. १९१३ मध्ये स्थापन झालेले सिडनहॅम डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहे आणि एच. आर. महाविद्यालय एच.एस.एन.सी. विद्यापीठात. तुम्हाला बदलीने जागा मिळण्याची शक्यता असते ती बहुधा उपनगरातल्या, जागा रिकाम्या राहिलेल्या महाविद्यालयात. आणि त्याचे नाव कोणत्याच कंपनीच्या यादीत नसेल, तर विरारहून किंवा बदलापूरहून लोकलने धक्के खात तुम्ही जे शिकाल ते राजारामपुरीतून सायकलने जाऊनही शिकता आले असते.

आता बदलीच्या प्रत्यक्ष व्यवहाराविषयी. आपल्याकडे पदवीच्या मधल्या वर्षात दुसऱ्या विद्यापीठात जाता येत नाही असे नाही, पण तो राजमार्ग नव्हे. ज्या महाविद्यालयात जायचे तिथे त्या वर्गात जागा रिकामी असावी लागते. जुन्या विद्यापीठाचे मायग्रेशन (स्थलांतर) प्रमाणपत्र, महाविद्यालयाचा दाखला, सर्व सत्रांची गुणपत्रके, अभ्यासक्रमाच्या साक्षांकित प्रती आणि नव्या विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र, एवढे कागद जमवावे लागतात. आणि दोन्हीकडचे विषय जुळले नाहीत, तर राहिलेले पेपर नव्याने द्यावे लागतात. नामांकित महाविद्यालयांत गळती कमी, म्हणून रिकाम्या जागाही कमी. जी जागा असते, तिच्यावर त्याच विद्यापीठातल्या मुलांची नजर आधीपासून असते.

हे मी ऐकीव सांगत नाही. ऐंशीच्या दशकात मीही बी.कॉम. भाग १ नंतर मुंबईला जाण्याचा घाट घातला होता. जुलैत प्रवेश मिळाला, पण पात्रतेचा अर्ज परत आला, कारण अभ्यासक्रमाच्या प्रतीवर ज्यांची सही हवी होती त्यांच्याऐवजी दुसऱ्याच अधिकाऱ्याची होती. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर बसून कोल्हापूरला आलो, सही घेतली, परत गेलो; तोवर खिडकीवरचे गृहस्थ रजेवर. नोव्हेंबरमध्ये पात्रता मिळाली तेव्हा पहिल्या सत्राची परीक्षा होऊन गेली होती. ते वर्ष वाया गेले. पुढे अनेक मुलाखतींत मला पहिला प्रश्न 'या वर्षी काय करत होता?' हाच आला, आणि खिडकीवरच्या गृहस्थांची रजा हे उत्तर कुणाला फारसे पटत नसे.

आता काळ बदलला आहे, अर्ज ऑनलाइन होतात, आणि नव्या शैक्षणिक धोरणाने श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिट्स साठवून ठेवण्याची, बँक आणली आहे. तुमचेही त्यात खाते असेलच. पण तिचा नियम तुमच्या बाबतीत उलटा पडतो. २०२१ च्या नियमावलीनुसार जी संस्था पदवी देणार, तिथे किमान निम्मे श्रेयांक मिळवलेले असावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक धरले, तर नव्या संस्थेत ६० तरी मिळवायला हवेत. भाग २ संपेपर्यंत तुमचे ८० होतील. म्हणजे त्यांतले २० बाजूला ठेवून पुन्हा दुसऱ्या वर्षातच कुठेतरी बसावे लागेल. वडिलांनी वर्षाचे २,६४,००० रुपये धरले आहेत. दीड-दोन वर्षांचा मुक्काम झाला, तर हाच आकडा चार ते सव्वापाच लाखांवर जातो, आणि त्यात फी धरलेलीच नाही. हा हिशेब वडिलांपुढे ठेवावा. अडतीवर बसणाऱ्या माणसाला तो दोन मिनिटांत कळेल.

समजा हेही जमले, आणि तुम्हाला खरोखरच यादीतल्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला जागा मिळाली. चांगल्या महाविद्यालयांत प्लेसमेंटचा हंगाम अंतिम वर्षाच्या पहिल्या सत्रातच सुरू होतो. त्या वेळी बाकीच्या मुलांकडे दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातली इंटर्नशिप असते, फायनान्स क्लबमध्ये केलेले काम असते आणि ज्यांच्या शब्दाला कंपनीत वजन आहे असे वरच्या वर्गातले मित्र असतात. तुम्ही तेव्हा होस्टेलच्या यादीत नाव लागले का, हे पाहत असाल. उशिरा आलेल्या विद्यार्थ्यांना प्लेसमेंटला बसू द्यायचे की नाही, याचे ज्या त्या महाविद्यालयाचे नियम असतात. जागा स्वीकारण्यापूर्वी ते लेखी विचारून घेतल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

एक वेगळा रस्ता आहे, पण ती बदली नव्हे. दिल्ली विद्यापीठात २०२२ पासून पदवीचा प्रथम वर्षाचा प्रवेश सीयूईटी या परीक्षेतून होतो. ती देऊन तुम्ही श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्ससारख्या ठिकाणी पहिल्या वर्षापासून सुरुवात करू शकता, कारण बारावीनंतर वर्षे गेली म्हणून दार बंद होत नाही. परंतु तुम्ही गणित घेतलेले नाही, त्यामुळे तिथला इकॉनॉमिक्स ऑनर्स तुमच्यासाठी मिटला. राहतो तो बी.कॉम. ऑनर्स, आणि त्यासाठी झालेली दोन वर्षे सोडून द्यावी लागतील. तुम्ही भाग १ मध्ये असता आणि हे पत्र वर्षभर आधी आले असते, तर मी कदाचित 'एकदा परीक्षा देऊन पाहा' म्हटले असते. आज म्हणणार नाही.

मग कोल्हापूरच्या पदवीचे काय होते? ज्या दारांवर महाविद्यालयाचे नाव विचारत नाहीत, त्यांची मोजदाद आधी करू. चार्टर्ड अकाउंटंट होण्यासाठी कुणी नाव विचारत नाही. बी.कॉम.ला ५५ टक्के असले की फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीजिएट या दुसऱ्या टप्प्याला नाव नोंदवता येते; २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप (सी.ए.च्या हाताखालची उमेदवारी) तीन वर्षांवरून दोन वर्षांची झाली आहे; आणि अंतिम परीक्षा पास झालेल्यांसाठी सी.ए.ची परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा स्वतःचा कॅम्पस (भरती मेळावा) भरतो, जिथे बँका आणि मोठ्या कंपन्या येतात. म्हणजे यादीचा प्रश्न तिथे आपोआप सुटतो. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी या अधिकारीपदाच्या परीक्षेला खुल्या गटातून पदवीला ६० टक्के लागतात. पदवी कुठली, याला गुण नाहीत. सीएफए या गुंतवणूक विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या पहिल्या पातळीला पदवी पूर्ण होण्याआधी २३ महिन्यांच्या आत बसता येते, म्हणजे तुम्ही त्या मुदतीत आलाच आहात. तिथेही १८० प्रश्न सर्व जगाला सारखेच असतात. एका पातळीची फी बरीच मोठी असते, म्हणून ती 'पाहू या जमते का' अशा भावनेने भरण्याची परीक्षा नव्हे. सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएम या रोखे बाजाराचे शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या परीक्षांची फी त्या मानाने किरकोळ असते, आणि संशोधन विभागात जायचे म्हणता तर त्यांतली रिसर्च अ‍ॅनालिस्टची परीक्षा याच उन्हाळ्यात द्यावी.

ज्या दारावर नाव विचारतात ते इन्व्हेस्टमेंट बँकेचे. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे आणि भांडवल उभारणीचे मोठे सौदे करणाऱ्या विभागांत बी.कॉम.नंतर थेट जाणारे फारच थोडे, मग ते कुठल्याही महाविद्यालयाचे असोत. बहुतेकांची भरती एम.बी.ए.नंतर किंवा सी.ए. झाल्यावर होते. तेव्हा महाविद्यालयाचे नाव बदलण्याची जागा तीच. कॅट या एम.बी.ए.च्या प्रवेश परीक्षेला बसण्यासाठी पदवीला ५० टक्के पुरतात आणि शेवटच्या वर्षात असतानाही बसता येते. अहमदाबाद आणि बेंगळुरूच्या आय.आय.एम. निवडीत दहावी, बारावी आणि पदवीचे गुण धरतात. तुमचे ९३, ८८ आणि ८.७ हे आकडे तिथे उपयोगी पडणारे आहेत. बदलीच्या धावपळीत शेवटची सरासरी साडेसातवर आली, तर नुकसान थेट इथे होईल. मुंबई विद्यापीठाची १९६५ सालची जमनालाल बजाज संस्था राज्याच्या सीईटीतून प्रवेश देते; जागा थोड्या आणि गर्दी मोठी. अर्थशास्त्राकडे कल असेल, तर १९३० साली स्थापन झालेली पुण्याची गोखले संस्था आहे; तिथे एम.ए., एम.एस्सी.ला मात्र गणिताची तयारी लागेल, आणि ती बारावीला टाळली तरी आता टाळता येणार नाही.

राहिलेल्या सव्वा वर्षात काय करायचे, हे मला यापेक्षा महत्त्वाचे वाटते. शाहूपुरीच्या किंवा लक्ष्मीपुरीच्या गल्ल्यांत सी.ए. मंडळींची कितीतरी लहान कार्यालये आहेत, आणि त्यांच्याकडे शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांची (ओतकामाच्या कारखान्यांची) कामे असतात. अशा एखाद्या कार्यालयात उन्हाळ्याचे दोन महिने बसावे, पगार मिळाला नाही तरी. तिथे दर महिन्याला बँकेला पाठवायचे स्टॉक स्टेटमेंट (साठ्याचे विवरण) तुमच्या हाताखालून जाईल. कल्पनेने एक फौंड्री घेऊ. कच्चा माल आणि तयार कास्टिंग (ओतीव माल) मिळून साठा ८० लाखांचा, त्यांतले २० लाख पुरवठादारांचे देणे. उरलेल्या ६० लाखांवर बँकेने २५ टक्के मार्जिन (मालकाचा स्वतःचा वाटा) कापले की ४५ लाख राहतात. येणी ७० लाखांची, पण त्यांतली १० लाख नव्वद दिवसांपेक्षा जुनी, ती धरायची नाहीत. ६० लाखांवर ४० टक्के मार्जिन कापले की ३६ लाख. म्हणजे कर्जाची मंजुरी एक कोटीची असली, तरी मालकाला उचलता येणार ८१ लाख. यालाच ड्रॉइंग पॉवर म्हणतात, आणि एवढे तुमच्या पुस्तकातही असेल.

पुस्तकात नसते ते पुढचे. समजा मोठ्या गिऱ्हाईकाने ऑर्डर पुढे ढकलली आणि कास्टिंग आवारातच पडून राहिले. कागदावर साठा वाढतो आणि त्याबरोबर ड्रॉइंग पॉवरही वाढते. म्हणजे धंदा बिघडत असतानाच बँक जास्त पैसे द्यायला तयार दिसते. हे ज्याच्या लक्षात येते तो विद्यार्थी मुलाखतीत उठून दिसतो. आमच्या समितीपुढे नामांकित महाविद्यालयांची मुले अमेरिकन कंपन्यांची मूल्यांकने घडाघडा सांगत, पण 'साठा का वाढला असेल?' या प्रश्नावर थबकत. त्याच समितीपुढे सातारा भागातून अर्ज पाठवून आलेल्या एका मुलीने उलट आम्हालाच विचारले होते, 'सर, वीजबिल पाहायला मिळेल का?' भट्टी चालली असेल, तर वीज जळलेली असणारच, हे तिला ठाऊक होते. तिला आम्ही घेतले, आणि पुढच्या वर्षीच्या यादीतही तिचे महाविद्यालय आले नाही, हेही सांगून टाकतो.

तुम्हाला तर यासाठी घराबाहेरही जावे लागत नाही. हंगामाआधी वडील गुऱ्हाळमालकांना उचल देतात ना? कुणाला किती द्यायची, गेल्या वर्षीची किती फिटली, यंदा त्याचा ऊस किती आणि तो गुळाला येणार की कारखान्याला जाणार, हा विचार ते दिवाळीच्या आधी करतात. पाडव्याचा मुहूर्ताचा सौदा झाला की पट्टीतून (विक्रीच्या हिशेबातून) वसुली सुरू होते. बँकेतला कर्ज विभाग याहून वेगळे काही करत नाही, फक्त त्यासाठी फाइल बनवतो. वडिलांची परवानगी घेऊन गेल्या पाच हंगामांची उचल आणि वसुली एक्सेलमध्ये भरा, नावांऐवजी क्रमांक घाला, कुणाची उचल कधी आणि का थकली ते शोधा आणि दहा पानांचे टिपण तयार करा. संशोधन विभागाकडे अर्ज करताना ते टिपण सोबत जोडावे. आवक, दर आणि हवामान यांचा त्या थकबाकीशी संबंध दाखवता आला, तर मुंबईच्या महाविद्यालयात लिहिलेल्या पन्नास प्रकल्पांतही तो वेगळा दिसेल, कारण तो आकडा दुसऱ्या कुणाकडे नाही.

आईंच्या विरोधाचे कारण तुम्ही लिहिलेले नाही. ते मुलीला एकटी पाठवण्याचे असेल, तर ते मला मान्य नाही, आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी त्यांनी ते पुढे करू नये, असे माझ्या वतीने सांगावे. ज्या गावात शाहू महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली आणि खेड्यापाड्यांतली मुले ट्रंक घेऊन राहायला आली, त्या गावाला घर सोडून शिकणे नवीन नाही. माझा आक्षेप फक्त वेळेला आहे.

एका परिस्थितीत मात्र मी मत बदलेन. यादीतल्या महाविद्यालयाने दुसऱ्या वर्षाला लेखी प्रवेश दिला, प्लेसमेंटला बसू देण्याचे लेखी कळवले, तुमचे किती श्रेयांक धरणार याचा तक्ता दिला आणि वडिलांना त्यासाठी कर्ज काढावे लागणार नसेल, तर जावे. या चारांतली एक जरी गोष्ट तोंडी असेल, तर जाऊ नये.

प्रश्न २ : माझा मुलगा अमेरिकेच्या मध्य भागातील एका सरकारी विद्यापीठात फायनान्सच्या पहिल्या वर्षात आहे. वॉल स्ट्रीटवरील बँका आपल्या विद्यापीठात भरतीला येत नाहीत, म्हणून न्यूयॉर्क भागातील नामांकित विद्यापीठात बदली घेतो, असे तो म्हणतो. आमचा यंत्रमागाचा व्यवसाय आहे आणि शैक्षणिक कर्ज चालू आहे. त्याला होकार द्यावा का?
एक पालक, इचलकरंजी

उत्तर : वर राजारामपुरीच्या विद्यार्थिनीला जे सांगितले, त्यांतले बरेचसे तुमच्या मुलाला लागू होत नाही. अमेरिकेत विद्यापीठ बदलणे ही रुळलेली पद्धत आहे. त्यासाठी वेगळा अर्ज असतो, बहुतेक ठिकाणी शरद (ऑगस्ट-सप्टेंबरच्या) सत्रासाठी तो साधारण मार्चपर्यंत भरायचा असतो, आणि कुठले श्रेयांक चालतील हे नवे विद्यापीठ विषयवार पाहून कळवते. तिथल्या बँकाही ठरावीक विद्यापीठांतच भरतीला जातात, हे मुलाचे म्हणणे बरोबर आहे.

प्रश्न वेळेचा आहे. तिथल्या इन्व्हेस्टमेंट बँका नवे पदवीधर मुख्यतः आपल्याच उन्हाळी इंटर्नमधून घेतात. ही इंटर्नशिप तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात असते, पण तिची निवड अलीकडे वर्षभर किंवा त्याहूनही आधी, म्हणजे विद्यार्थी दुसऱ्या वर्षात असतानाच सुरू होते. म्हणून पहिल्या वर्षानंतर बदली मिळाली, तर तिचा उपयोग आहे; दोन वर्षांनी गेला, तर तो पोहोचेपर्यंत पहिली पंगत उठलेली असेल. शिवाय बऱ्याच नामांकित विद्यापीठांत किमान दोन वर्षे तिथे शिकल्याशिवाय पदवी मिळत नाही, त्यामुळे उशीर केला, तर चाराची साडेचार किंवा पाच वर्षे होऊ शकतात. तिथे एक जादा सत्र म्हणजे काय, हे तुम्ही हप्ते भरत असल्यामुळे मी सांगायला नको.

पैशाचे आणखी दोन मुद्दे आहेत. परदेशी विद्यार्थ्यांना बदलीने प्रवेश देताना आर्थिक साहाय्य देणारी विद्यापीठे थोडीच आहेत, आणि आज मिळत असलेली शिष्यवृत्ती मुलाबरोबर जात नाही. दुसरे असे की, तुमच्या बँकेने कर्ज मंजूर केले ते विशिष्ट विद्यापीठ आणि विशिष्ट अभ्यासक्रम पाहून. ते बदलले की पुढचा हप्ता सोडण्याआधी बँक नवे प्रवेशपत्र आणि खर्चाचा नवा अंदाज मागेल, आणि तारण अपुरे वाटले तर वाढवायला सांगेल. शाखाधिकाऱ्यांना आधी भेटावे, प्रवेश आल्यावर नव्हे.

पुढच्या नोकरीचा विचार करताना विषयाकडेही पाहावे. पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर बारा महिने काम करता येते. विषय तिथल्या विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या अधिकृत यादीत असेल, तर आणखी २४ महिने मिळतात. साधा फायनान्स त्या यादीत सहसा बसत नाही, तर संख्यात्मक अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम बसतो. परदेशी मुलाला घेताना कंपन्या ही मुदत मोजतात. त्याच्या सध्याच्या विद्यापीठात असा अभ्यासक्रम असेल, तर जागेवर बसून विषय बदलणे हे न्यूयॉर्कच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडेल, आणि मी त्याच्या जागी असतो, तर तो पर्याय आधी तपासला असता.

तरीही त्याला अर्ज करायचा असेल, तर यंदाच करू द्यावा, तीन-चार ठिकाणीच करू द्यावा, आणि नव्या विद्यापीठाचे श्रेयांकांचे पत्र, आर्थिक साहाय्याचे पत्र आणि नवा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देते तो कागद) हे तिन्ही कागद हातात पडेपर्यंत सध्याच्या विद्यापीठातली पुढच्या सत्राची नोंदणी रद्द करू देऊ नये.